पूजेत ठेवलेला पट्टा

गणराज लोमटे सकाळी एकदम कधी उठायचा नाही. आधी कुशीवर व्हायचा, मग दोन्ही पाय पलंगाखाली सोडायचा, मग हाताने गादी दाबत बसता व्हायचा आणि बसल्या बसल्या उशाखालचा पट्टा ओढून कमरेला आवळायचा. पट्टा चर्रकन चिकटला की त्याचा दिवस सुरू. त्याआधी घराला आग लागली असती तरी गड्याने अगोदर पट्टाच शोधला असता.

पट्टा म्हणजे औषधाच्या दुकानात मिळतो तोच. काळा, वीतभर रुंद, पाठीच्या बाजूला आत कडक कांब्या घातलेला. चार वर्षांत असे तीन झिजले. दीपमाला, त्याची बायको, म्हणायची, हार माझ्या गळ्यात घातला, पण चोवीस तास अंगाला बिलगून राहायचं भाग्य दुसरीचंच. पहिल्या वर्षी हे ती हसून म्हणायची. पुढे नुसतं म्हणायची.

माणूस मूळचा केज तालुक्यातला. आयटीआय करून दापोडीला मामाकडे आला, रेल्वेलाइनीजवळच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, चाकणच्या एका कंपनीत लागला आणि चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर घासून परमनंट झाला. त्यालाही आता चौदा वर्षं झाली. परमनंट हा शब्द गावाकडे त्याची आई सुभद्राबाई सगळ्यांना सांगून आली होती, देवाला नारळ फोडून आली होती. बाप गेल्यावर ती इथेच राहायला आली. आता चाळिशीतला गणराज पहाटे सव्वापाचला नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसमध्ये चढायचा, साडेसहाला चाकणला लाइनवर उभा राहायचा, आणि दुपारची परतीची बस मोशीच्या गर्दीत सापडली की पाच वाजता घरी. बसमध्ये ताठ बसायचा. शेजारी झोपायचे, याची मान कधी कलंडायची नाही. नवीन पोरांना वाटायचं, लोमटे साहेब रुबाबात बसतात.

काम काय, तर गिअरबॉक्सच्या घराची ओतीव पेटी. अ‍ॅल्युमिनियमची, चौदा किलोची. डाव्या हाताला जमिनीवर जाळीचा बिन, त्यात या पेट्या रचलेल्या. उजवीकडे मशीन. वाकायचं, उचलायचं, उचलता उचलता वळायचं, मशीनमध्ये बसवायची. शिफ्टला साडेतीनशे वेळा. बिन भरलेला असला तर बरं, कमरेइतक्या उंचीवर हाताला लागतं. जसजसा रिकामा होतो तसं खोल वाकावं लागतं, तळाची पेटी काढताना तर डोकंच आत जातं. चौदा वर्षं डावीकडे वाकून उजवीकडे वळायचं. देवाच्या प्रदक्षिणेला तरी शेवट असतो.

चार वर्षांपूर्वी एकदा तळाची पेटी काढताना कमरेत काहीतरी कट असं वाजलं आणि गणराज बिनमध्येच अर्धा अडकला. खंडूने, म्हणजे शेजारच्या मशीनवाल्याने, त्याला काखेत धरून बाहेर काढलं. तीन आठवडे घरी पडून राहिला. एमआरआय झाला. डॉक्टरांनी काहीबाही इंग्रजी सांगितलं, त्यातलं गल्लीने एवढंच उचललं की गणराजच्या मणक्यात गॅप आहे. त्या गल्लीत दर तिसऱ्या घरी गॅप होताच, त्यामुळे नवल कुणालाच वाटलं नाही. ज्याने त्याने आपल्या गॅपचा अनुभव सांगितला. कुणी तेल सांगितलं, कुणी मुळशीकडचा झाडपाल्याचा वैद्य. गणराजच्या मनात मात्र एक चित्र पक्कं बसलं: दोन मणक्यांत फट पडली आहे, ती उघडू द्यायची नाही, पट्टा आवळून धरायची. तीन आठवड्यांनी दुखणं गेलं आणि पट्टा राहिला. मग दर चार-सहा महिन्यांनी कंबर पुन्हा धरायची. धरली की त्याला वाटायचं, पट्टा ढिला पडला असणार. आणखी आवळायचा.

आणि हे सगळं शर्टाच्या आत. कारण कंपनीत एक खुर्ची होती.

स्टोअरच्या दाराशी एक साधी लोखंडी खुर्ची. ज्याची कंबर गेली, गुडघा गेला, त्याला लाइट ड्युटी म्हणून तिथे बसवायचे. आत-बाहेर जाणाऱ्या ट्रॉल्यांची नोंद ठेवायची, बस. काम हलकं, पंखा डोक्यावर. पण गणराजच्या डोळ्यांदेखत त्या खुर्चीवर तीन माणसं बसली आणि तिन्ही वर्षाच्या आत घरी गेली. कुणी काढलं नाही त्यांना. बोलावून समजावलं, राजीनाम्याचा कागद पुढे केला, चहा पाजला. त्यामुळे लाइनवर कुणाचीच कंबर दुखत नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणायचे, झोप कमी झाली.

दरवर्षी मेडिकल व्हायचं तेव्हा गणराज पट्टा आणखी दोन बोटं आवळून जायचा. कंपनीचे डॉक्टर शर्टावरूनच बघायचे, वाका म्हणायचे, उठा म्हणायचे. पट्ट्याच्या जोरावर तो वाकायचा आणि उठायचा. यंदा गणपती बसायच्या आधीच नोटीस लागली. मेडिकल दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, आणि तपासणीला शर्ट-बनियन काढून यायचं.

नोटीस वाचून तो बसमध्ये बसला तेव्हा त्याला पहिल्यांदा लक्षात आलं, की आपण पट्ट्याशिवाय चार पावलं कधी चाललो ते आपल्याला आठवत नाही. आंघोळीपुरता काढायचा, तेव्हाही एक हात भिंतीला. पट्टा घालून गेलो तर खुर्ची. काढून गेलो आणि वाकताना कंबर धरली, तरी खुर्चीच. बसच्या खिडकीतून बाहेर कांद्याचे ट्रक एकामागे एक अडकून उभे होते. पुढचा हलेना म्हणून मागचा हलेना. तो बघत राहिला.

नोटिशीचं कळल्यावर दीपमालाने मग त्याचं ऐकलं नाही. तिच्या ओळखीतल्या कुणाची पाठ आकुर्डीला एका दवाखान्यात व्यायामाने बरी झाली होती. लोकलने दापोडीपासून चौथं स्टेशन. रविवारी ती त्याला घेऊन गेली. तिथे सलोनी मॅडम म्हणून फिजिओथेरपिस्ट, वय सव्वीस-सत्तावीस. तिने गणराजला आल्या आल्या काका म्हटलं, ते त्याला कमरेपेक्षा जास्त लागलं.

तिने एमआरआयची फिल्म उजेडाला धरली. गणराजने बोट दाखवून सांगितलं, इथं गॅप आहे. ती म्हणाली, गॅप बघायची सगळ्यांना घाई असते, त्याच्या शेजारी बघा. मग तिने मणका आडवा कापल्यासारखा दिसतो तो भाग दाखवला. मधोमध मणका, दोन्ही अंगांना मांस. उजवीकडचं मांस काळसर, भरलेलं. डावीकडे मणक्याला अगदी खेटून मात्र पांढऱ्या रेघा, पांढरे ठिपके. मटण घेताना खाटकाच्या ओट्यावर चरबीचा तुकडा दिसतो, तसं. गणराजला ते पटकन कळलं आणि बरं वाटलं नाही. आपल्याच अंगातलं चरबीचं मांस कुणाला बघायला आवडतं?

त्याचं नाव मल्टिफिडस, ती म्हणाली. पाठीत वरचे मोठे स्नायू असतात, ते ओझं उचलताना दिसतात, फुगतात, मिरवतात. हा खोल असतो. एका मणक्याला दुसऱ्या मणक्याशी बांधून ठेवायचं याचं काम. तुम्ही हात उचलायचा विचार केलात, की हात हलायच्या आधी हा आवळतो, मणक्याला सांभाळून धरतो. कंबर एकदा जोरात दुखली की हा काम सोडतो, बहुतेक वेळा दुखतं त्याच बाजूचा. आणि गंमत अशी, की दुखणं थांबलं तरी तो आपोआप कामावर येत नाही.

गणराजने फिल्म पुन्हा एकदा उजेडाला धरून बघितली. मग म्हणाला, “म्हणजे छोटे क्लॅम्प ढिले आहेत. मोठा बोल्ट कितीही आवळला तरी जॉब थरथरणार.”

मशीनवर तुकडा घट्ट धरायची ही भाषा सलोनी मॅडमला काही समजली नाही, पण त्याच्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, हो, तसंच.

पट्ट्याबद्दलही तिने सांगितलं. पट्टा वाईट नाही, पट्ट्याने तुमचं मांस खाल्लं असं काही मी म्हणत नाही. दुखणं जोरात असताना चार दिवस लावावा. पण तुम्ही चार वर्षं लावलात आणि हलायलाच घाबरायला लागलात. जो हलत नाही त्याला आतून कोण सांभाळणार? हळूहळू तास कमी करा. मग तिने त्याला पालथं झोपवलं, पट्टा सोडवला, मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, माझी बोटं आतून वर ढकला, श्वास न रोखता, अगदी हळू.

उजवं बोट ढकललं गेलं. डाव्याखाली काही होईना. त्याने दात आवळले, ढुंगण आवळलं, पायाचे अंगठे आवळले. मॅडम म्हणाली, काका, ताकद नकोय, शोधायचंय. गणराजला घाम फुटला. चौदा किलोची पेटी साडेतीनशे वेळा उचलणारा माणूस, आणि स्वतःच्या पाठीत सुपारीएवढी जागा त्याला सापडेना. हुकूम दिला तर जातोय कुठे, तेही कळेना. आपल्याच घरातल्या एका खोलीला आतून कडी लागलेली आणि आपण बाहेर, असं झालं ते.

घरी करायचे तीन व्यायाम दिले. पालथं पडून ते शोधणं. गुडघे-हातांवर उभं राहून एक हात पुढे, उलट बाजूचा पाय मागे. आणि उभ्याने भिंतीला धरून काही. रोज कुणाला तरी पाठीवर बोटं ठेवून बघायला सांगा, असंही म्हणाली.

घरी आल्यावर गणराजने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. लाजच होती ती. चार पायांवर उभं राहून मागे तंगडी वर करायची म्हणजे, त्याच्या आईने फटीतून एकदा बघितलं आणि बाहेर येऊन सुनेला विचारलं, कुत्र्याला खांब आणून देऊ का. पण कुणाला आत घेतलं नाही त्याने. बोटं कुणाची ठेवून घेतली नाहीत. पाच आठवडे नेमाने केलं. पाचव्या आठवड्यात सलोनी मॅडमने बघितलं, डावीकडे होतं तसंच. तिने विचारलं, घरी बोटं कोण ठेवतं? गणराजने ठोकून दिलं, आई. ती म्हणाली, मग पुढच्या वेळी आईंना आणा, मी नीट शिकवते.

अशी सुभद्राबाई आकुर्डीला गेली. मॅडमने म्हातारीची बोटं हातात धरून लेकाच्या पाठीवर टेकवली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मल्टिफिडस हे नाव सुभद्राबाईने दोनदा ऐकलं आणि सोडून दिलं. ती त्याला ‘आतला’ म्हणू लागली. बराच वेळ बोटं दाबून धरून ती म्हणाली,

“उजवीकडं कुणीतरी घरात हाय. डावीकडं दार उगडंच हाय, पर आत कुणी न्हाई.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गणराज आतल्या खोलीत गेला तशी तीही मागोमाग गेली, दार ढकलून. आणि मग तिला दिसलं. लेक पालथा पडला होता, नाक उशीत, आणि कमरेला पट्टा गच्च आवळलेला. पाच आठवडे तो व्यायाम पट्टा बांधून करत होता. व्यायाम करताना काही होऊ नये म्हणून.

तिने विचारलं, काय करायलास? तो उशीतूनच म्हणाला, व्यायाम. ती म्हणाली, पट्टा काढ. तो म्हणाला, माय, तो काढला आणि कंबर धरली तर मेडिकलला जाऊ कसा? ती म्हणाली, बांदून ठेवलेल्या माणसाला ऊठ म्हणायचं, असला कसला व्यायाम? पण गणराजने ऐकलं नाही. तो काही मूर्ख नव्हता, भ्यालेला होता. मूर्खाला समजावता येतं. सुभद्राबाई भिंतीला टेकून बसली आणि त्या पट्ट्याकडे बघत राहिली.

चार दिवसांनी खंडेनवमी आली.

त्या दिवशी कंपनीत काम नसतं. मशीन धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालतात, स्पॅनर-हातोड्यांना हळदकुंकू लागतं, पेढे वाटतात आणि दुपारी बस लवकर सुटते. गणराज घरी आला, आंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा उशाखाली पट्टा नव्हता.

देवापुढे पाट मांडलेला होता. पाटावर विळी, दीपमालाची कात्री, शिलाई मशीनच्या सुयांची डबी, गाडीची किल्ली, गावाकडून आणलेला बापाचा कोयता. आणि मधोमध घडी घातलेला काळा पट्टा. त्यावर हळदकुंकवाची पाच बोटं, झेंडूचं फूल, अक्षता. उदबत्ती लागलेली.

आता लोमट्यांच्या घरचा रिवाज असा, की नवमीला पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटून झाल्याशिवाय हलवायचं नाही. बाप असताना एका नवमीला वाऱ्याने बाभळीची मोठी फांदी दारात आडवी पडली होती आणि कुऱ्हाड पूजेत होती. दीड दिवस सगळं घर ती फांदी ओलांडून ये-जा करत होतं, पण कुऱ्हाड जागची हलली नाही. गणराज तेव्हा सात वर्षांचा होता आणि त्याला त्यात फार आनंद झाला होता.

तो टॉवेल गुंडाळून तसाच उभा राहिला, एक हात भिंतीला. म्हणाला, “माय, हे काय केलंस?”

“हत्यारच हाय की तुजं. चार वरसं त्याच्यावरच पोट चालायलंय आपलं. त्याची पूजा नको?”

दीपमाला स्वयंपाकघरात एकदम कामात गढून गेली. गणराजने हात पुढे केला, मागे घेतला. फूल बाजूला करून पट्टा उचलायचा, एवढंच होतं. पण कुंकू लागलेली वस्तू उचलायची आणि ती पोटाला आवळायची, हे त्याच्याने झालं नाही. परमनंट झाला, एमआरआय काढला, तरी तेवढा केज तालुका त्याच्यात होता. म्हातारीला ते ठाऊक होतं.

ती दुपार गणराजने पलंगाच्या कडेवर बसून काढली. खरं सांगायचं तर दुखत काहीच नव्हतं. पण कमरेचा वीतभर भाग उघडा पडल्यासारखा, गार गार वाटत होता. कधी कट होईल याची तो वाट बघत बसला होता. पाणी प्यायला उठायचं तर भिंत धरून. जेवायला खाली बसला नाही. दारावर कुणी आलं तर वळून बघायचा नाही, सगळं अंग फिरवायचा. घर दोन खोल्यांचं, त्यातही त्याने स्वतःला एका पलंगावर कोंडून घेतलं. सुभद्राबाई मध्येच येऊन देवापुढची वात सारखी करून जायची आणि त्याच्याकडे बघायची नाही.

संध्याकाळी व्यायामाची वेळ झाली. त्याला वाटलं, आज नको. मग मेडिकलला आठच दिवस उरलेत हे आठवलं, आणि तो सतरंजीवर पालथा झाला. पाच आठवड्यांत घरी पहिल्यांदा उघड्या पाठीने. आईने न विचारता शेजारी बसून बोटं टेकवली. कणीक मळून मळून खरखरीत झालेली बोटं, पण सलोनी मॅडमपेक्षा हलकी.

त्याने शोधायला सुरुवात केली. दात आवळले गेले, ते सोडले. श्वास अडकला, तो सोडला. पट्टा असताना पोटाला काहीतरी टेकलेलं असायचं, सगळं लक्ष तिकडेच जायचं. आज टेकायला काहीच नव्हतं. भीती वाटत होती ती नेमकी तिथेच वाटत होती, डावीकडे, मणक्यालगत. म्हणजे जागा तर ती होती. त्या भीतीवरच त्याने लक्ष ठेवलं.

बऱ्याच वेळाने सुभद्राबाई म्हणाली, “थांब. काय केलंस आता?”

“काही नाही.”

“तेच पुन्ना कर.”

त्याने काही नाही पुन्हा केलं. म्हातारीने डोळे मिटले. म्हणाली, मांजराचं पिल्लू पोत्यात हाललं तसं झालं. मग पुन्हा बराच वेळ काही झालं नाही. मग एकदा झालं. दीपमाला दारात उभी राहून लाटणं हातात घेऊन बघत होती, आणि तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आल्यावर परत गेली.

दसऱ्याला त्याने सोनं वाटलं, चालत जाऊन गल्लीत चार घरी दिलं. रात्री पाटावरून पट्टा उचलताना आधी आईकडे बघितलं. ती म्हणाली, घे की, तुजाच हाय. सकाळी लाइनवर जाताना त्याने तो लावलाही. पण संध्याकाळी घरात आल्यावर काढून ठेवायला लागला, आणि आठ दिवस रोज उघड्या पाठीने म्हातारीच्या बोटांखाली पडला. आठ दिवसांत काय होतं? पांढऱ्याचं काळं होत नाही. सलोनी मॅडमने फोनवर तेच सांगितलं, महिने लागतील, काका. पण तिने एक युक्ती दिली: वाकायच्या आधी एक क्षण थांबायचं, आतल्याला आधी हाक द्यायची, मग वाकायचं.

मेडिकलच्या दिवशी पहाटे त्याने पट्टा उशाखालीच ठेवला आणि बसमध्ये चढला. साडेदहाला लाइनच्या नऊ जणांना मेडिकल रूमबाहेर बोलावलं. कंपाउंडर म्हणाला, शर्ट-बनियन काढून बाकावर ठेवा आणि रांगेत या.

गणराजच्या पुढे खंडू होता. अकरा वर्षं शेजारच्या मशीनवर असलेला, डबा वाटून खाणारा खंडू. त्याने बनियन डोक्यावरून काढली आणि गणराज बघतच राहिला. खंडूच्या कमरेला सबंध गोल वीतभर काळसर पट्टा उमटलेला, वर-खाली दोन कडा घट्ट्यासारख्या जाड झालेल्या. बैलाच्या मानेला जुवाने पडतात तशा. गणराजने खाली स्वतःकडे बघितलं. आठ दिवसांत वण कुठला जातोय? मग त्याने पुढे बघितलं. खंडूच्या पुढच्यालाही होता. त्याच्या पुढच्यालाही. नऊ जणांत सात जणांच्या कमरेला तीच खूण. सगळे एकमेकांपासून लपवत होते, सगळे म्हणत होते झोप कमी झाली.

उघडी माणसं भिंतीकडे बघत उभी. शेवटी खंडूने मान न वळवता हळूच विचारलं, “लोमटे राव, तुमचा कुठल्या मेडिकलमधला?”

गणराजला हसू आलं आणि हसताना कंबर हलेल म्हणून त्याने ते आवरलं.

आत डॉक्टर टेबलाशी बसलेले. पहिल्याला त्यांनी विचारलं, हे काय कमरेला? तो म्हणाला, घामोळं. दुसऱ्याला विचारलं, तोही म्हणाला, घामोळं. तिसऱ्याकडे त्यांनी चष्म्यावरून बघितलं, दारातून रांगेकडे बघितलं, आणि मग विचारणंच सोडून दिलं. स्टोअरला खुर्ची एक. सात माणसं एका लाइनवरून काढली तर दुपारी लाइन बंद. डॉक्टरही कुणाचे तरी नोकरच. कागदावर फिट, फिट, फिट असं भराभर पडू लागलं.

गणराजची पाळी आली. वाका, डॉक्टर म्हणाले. तो थांबला. आतल्याला हाक दिली. डावीकडे, मणक्यालगत, पोत्यातलं पिल्लू हाललं की नाही ते त्याला नीट कळलं नाही, पण त्याने श्वास सोडला आणि वाकला. हाताची बोटं पायाच्या नडग्यांपर्यंत गेली. कट झालं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा तो पट्ट्याशिवाय खाली गेला होता, आणि तिथेच थांबून उठा म्हणण्याची वाट बघत होता. डॉक्टर सही करत होते. त्यांनी वर बघितलंच नव्हतं.

“झालं का? या,” ते म्हणाले.

तो हळूच सरळ झाला. कागद हातात आला. फिट. एवढ्यासाठी दीड-दोन महिने झोप उडाली होती, आणि आता तो हातात होता, तर त्याला दाराकडे वळता येईना. खुर्ची टळली. म्हणजे उद्या पुन्हा तोच बिन, डाव्या हाताला, जमिनीवर. तो म्हणाला,

“साहेब, बिन खाली असतो. जमिनीवर. तो वर घेतला तर आमची कंबर वाचेल.”

डॉक्टर म्हणाले, ते प्रॉडक्शनला सांगा. पुढचा.

प्रॉडक्शनला म्हणजे रविराज सरांना. ते म्हणाले, लाइनची मांडणी वरून ठरून येते, लोमटे, मी पाठवतो, अ‍ॅप्रूव्हल आलं की बघू. असे पाठवलेले कागद कुठे जातात ते सरांनाही ठाऊक नसावं.

दुसऱ्या दिवशी गणराज आणि खंडूने डिस्पॅचकडून माल ठेवायची चार रिकामी लाकडी पॅलेट आणली आणि फोर्कलिफ्टवाल्याला चहा पाजून दोघांच्या बिनखाली दोन-दोन सरकवून घेतली. बिन फूटभर वर आले. रविराज सरांनी राउंडला येऊन विचारलं, हे काय? खंडू म्हणाला, खंडेनवमीला पूजेसाठी उंच केलं होतं सर, काढायचं राहिलं. सरांनी बिनकडे बघितलं, खंडूच्या कमरेकडे बघितलं, आणि म्हणाले, सोमवारी ऑडिट आहे, त्याआधी काढा. सोमवारी काढली. मंगळवारी परत घातली. तेव्हापासून असंच चाललंय. ऑडिटच्या दिवशी सगळे खोल वाकतात.

बसमध्ये एक फरक झाला. परतीच्या वाटेवर बस मोशीला अडकली की मागच्या सीटवर कुणाचा तरी पट्टा चर्रकन सुटतो. मग पुढे एक, मग खिडकीकडे एक. आता कुणी लपवत नाही. नवीन पोरं हसतात. त्यांची हसायची अजून तीन-चार वर्षं आहेत.

गणराज लाइनवर पट्टा लावतो, पहिले चार तास. मॅडमने कबूल केलेले तेवढेच. शेवटचे चार तास उघड्या कमरेने, वाकायच्या आधी एकदा थांबून. साडेतीनशे वेळा थांबायचं म्हणजे काम मागे पडतं, पडलं की बोलणी बसतात. काही दिवस तो थांबतो, काही दिवस थांबत नाही. ज्या दिवशी थांबत नाही त्या दिवशी घरी येऊन आईशी नजर चुकवतो.

संध्याकाळी सतरंजी पसरते. म्हातारी गुडघा दाबत शेजारी बसते आणि दोन बोटं टेकवते. दापोडीवरून लोकल धडधडत जाते तेवढा वेळ ती थांबते, कारण जमीन हादरते आणि मग आतल्याचं काही समजत नाही.

“आज किती?” तो उशीतून विचारतो.

“कालच्याइतकंच.”

“कालच्याइतकं म्हणजे?”

“म्हंजे हाय. आत कुणीतरी हाय. भायेर याया तयार न्हाई अजून.” ती बोटं जरा सरकवते. “पुन्ना कर.”